सुधाताईने सगळ्यांना विचारलं

आम्हा इथल्या लश्कर भागातल्या मराठी लोकांना एक जुनाट रोग आहे, सभ्यपणाचा. शेजारच्या घरातून धूर निघत असला तरी आम्ही दारात उभं राहून "आज जरा उकडतंय, नाही?" असं म्हणू, पण आग लागलीये हे तोंडातून काढणार नाही. माझा जीव विटलाय आता या सभ्यपणाला. म्हणून सांगतेच एकदा, कुणाला राग आला तर येऊ दे.

सुधाताई निकमचा धाकटा भाऊ विक्रमसिंह तुरुंगात आहे, फाशीची शिक्षा झालेला. पाटणकर बाजारापासून थेट बाड्यापर्यंत एकही मराठी घर नसेल ज्याला हे ठाऊक नाही. पण बाहेरच्या कुणी विचारलं की आम्ही काय म्हणणार? "विक्रम ना, तो जबलपूरला असतो." खोटं काहीच नाही हो त्यात, तुरुंग जबलपूरलाच आहे! लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, सुधाताईच्या तोंडावरसुद्धा लोक विचारतात, "विक्रम कसा आहे? जबलपूरची हवा मानवली का?" आणि ती म्हणते, "बरा आहे." इतकी वर्षं हेच चाललंय. आता तर अशी गत झालीय की नवीन पिढीतल्या पोरांना खरंच वाटतं, विक्रमकाका तिकडे नोकरीला आहेत म्हणून.

आता त्याने काय केलं तेही सांगते, उगाच झाकाझाक नको. इथेच गावात, हजीऱ्याला त्याचा जमिनी विकण्याचा धंदा होता, एका भागीदाराबरोबर. त्या भागीदाराच्या घरात शिरून त्याने तिघांना मारलं. भागीदार, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी सोनिका. असं खालच्या कोर्टाने म्हटलं, मग वरच्या कोर्टाने, मग सगळ्यांत वरच्या. दयेचा अर्ज दिल्लीत पडून आहे. ती सोनिका दिवाळीत आईबापांबरोबर सुधाताईकडे फराळाला यायची. सुधाताईला बुआ म्हणायची, म्हणजे आत्या, आणि चकलीचे वेढे सोडवून सोडवून खायची. मी स्वतः पाहिलेली आहे ती पोर.

सुधाताई माझ्याहून बरीच लहान, पण अख्ख्या मोहल्ल्याने तिला ताई केलं, म्हणून मीही सुधाताईच म्हणते. वडील जयसिंहराव जुन्या पागेच्या आणि घोड्यांच्या गप्पा मारण्यातच गेले, घरात लक्ष शून्य. आई गेली तेव्हा विक्रम रांगत होता. या बाईने त्याला वाढवलं आणि वाढवता वाढवता हिचं लग्नाचं वय निघून गेलं. घरी ऑर्डरी घेते ती, पुरणपोळ्या, अनारसे, मोदक. हाताला चव अशी की नावं ठेवायला जागा नाही. बोलणं मात्र बेताचं. आणि एक वाईट खोड: काही विचारलं की उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही. "ही मेथी आजची का?" म्हणून भाजीवालीला विचारेल, तर ती बिचारी देवाची शपथ घेईपर्यंत ही ठेल्यापाशी उभी.

पण भावाला तिने कधी विचारलं नाही. कोर्टात तो "मी नाही केलं" म्हणाला. बहिणीला तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ही दर भेटीला जायची, तब्येत विचारायची, जेवण कसं असतं ते विचारायची आणि परत यायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, एकदा विचार की बाई त्याला सरळ!" तर पोळी उलटत म्हणाली, "हो म्हणाला तर?"

या उन्हाळ्यात ती भेटून आली ती मात्र वेगळीच होऊन आली. पिशवी खाली ठेवली नाही, पाणी प्यायली नाही, तशीच माझ्याकडे.

"मंदाताई, विक्रमने एक विचारलंय. फाशी देतात तेव्हा त्रास होतो का म्हणून. म्हणाला, कुणाला तरी विचारून सांग. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला माहीत असेल."

"अगं, मी बँकेत होते, तुरुंगात नव्हते!" माझ्या तोंडून निघून गेलं. मग तिचं तोंड पाहिलं. भावाने सांगितलं होतं, दुकानातून काहीतरी आणायला सांगावं तसं, आणि ही ते आणायला निघाली होती. पुढच्या भेटीपर्यंत त्याला उत्तर नेऊन द्यायचं, एवढं एकच खूळ डोक्यात.

मग सुरू झाली तिची फिरती. आधी आमचे डॉक्टर माधवराव. जन्मभर त्यांनी ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल दिली, त्यांना नाही कळणार तर कुणाला? त्यांनी तिचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, तिचं ब्लडप्रेशर तपासलं आणि मीठ कमी खायला सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, फाशीऐवजी इंजेक्शन द्यावं का, याच्यावर दिल्लीत कोर्टात बहस चालू आहे, तेव्हा थोडं थांबू या. थांबू या! जसं काही ही फ्रिज घ्यायला निघालीय आणि दिवाळीत सूट मिळणार आहे. गुरुजींनी तर कमाल केली. आत्मा कसा अमर आहे ते त्यांनी तिला चहा थंड होईपर्यंत सांगितलं. सुधाताई शेवटी म्हणाली, "गुरुजी, मी आत्म्याचं नाही विचारत, मानेचं विचारतेय." गुरुजींनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि परत ठेवली.

सगळे माझ्या ओळखीचे. सगळे भले. एकालाही "मला माहीत नाही" एवढे तीन शब्द उच्चारता आले नाहीत.

आणि त्यात आली आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची मीटिंग. मी प्रसाद समितीवर आहे. सेक्रेटरी यंदा नवा, तरुण नावाचा पोरगा. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलाय, घरी बसून काम करतो आणि उरलेल्या वेळात मंडळात क्रांती करतो. उभा राहून म्हणाला, "काकू, काका, वादविवादाचा टॉपिक मी फायनल केलाय. एकदम करंट आहे, पेपरमध्ये रोज येतंय. 'फाशीची शिक्षा माणुसकीची असू शकते.' बढ़िया है ना?"

बाई गं! अध्यक्ष चहाच्या कपात बघायला लागले. वकीलसाहेबांना एकदम फोन आला, जो वाजलाच नव्हता. सगळ्यांना कळलं की हे होता कामा नये, आणि सगळ्यांना हेही कळलं की का ते सांगायचं तर सुधाताईचं नाव घ्यावं लागेल. नाव कोण घेणार? मी म्हटलं, "तरुण, दुसरा विषय घे." तो म्हणाला, "क्यों?" मी म्हटलं, "सणासुदीचं कशाला असलं अभद्र?" तर म्हणतो, "काकू, प्लीज, मोबाईल शाप की वरदान किती वर्षं करणार?" आणि मेले दोघंतिघं हसले!

शेवटी नाश्ता कुणाचा, हा विषय निघाला, आणि सवयीने कुणीतरी म्हणालं, सुधाताईचे मोदक. पास. एकमताने. मी कपाळाला हात लावला.

तशीच उठून तिच्याकडे गेले. म्हटलं, "सुधाताई, यंदा ऑर्डर घेऊ नकोस. विषय असा असा आहे. तू नुसती हो म्हण, मी आत्ता जाऊन त्या तरुणला सगळं सांगते आणि विषय बदलायला लावते." ती नारळ खोवत होती. हात थांबला तिचा.

"पोरं तयारी करून येणार ना, मंदाताई?"

"म्हणजे काय! महिनाभर इंटरनेटवर पडलेली असतात."

"मग असू द्या विषय," ती म्हणाली. "कुणाला काही सांगू नका. मला ऐकायचंय."

आता यावर काय डोकं फोडायचं? तिला वाटलं, इतकी शिकलेली पोरं इतकी तयारी करणार, तर उत्तर सापडेलच. मी हात टेकले.

आमच्या मंडळाच्या वादविवादाची एक रीत आहे, आणि तिचा आम्हाला भारी अभिमान. कोण बाजूने बोलणार आणि कोण विरुद्ध, हे बोलणाऱ्याने ठरवायचं नाही. आठवडाभर आधी गणपतीच्या फोटोपुढे वाटीत चिठ्ठ्या ठेवायच्या, डोळे मिटून उचलायची. पक्ष आला तर पक्ष, विपक्ष आला तर विपक्ष. म्हणजे बुद्धी दोन्हीकडून चालायला पाहिजे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आम्ही हे छाती फुगवून सांगतो. सुधाताईला मात्र हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरातच, तिला कोण सांगणार?

त्या दिवशी तिने मोदक लवकर उकडून ठेवले, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसली. मी शेजारी. हॉल गच्च. परीक्षक कोण, तर डॉक्टर माधवराव. त्यांनी सुधाताईला पाहिलं आणि त्यांची मान जी खाली गेली ती वर येईना.

आधी बोलला राजवर्धन, विरुद्ध बाजूने. इंजेक्शनच्या वेळी शीर सापडत नाही तेव्हा काय होतं, दोर चुकला तर काय होतं, हातवारे करून करून सांगितलं. "मरणाची वाट बघायला लावणं हाच छळ आहे, मित्रहो!" टाळ्या. सुधाताईने माझं मनगट धरलं. मग आली हर्षिता, कॉलेजातली मुलगी, चुणचुणीत, आवाज खणखणीत. ती बाजूने. म्हणाली, दोराची लांबी वजनाप्रमाणे बरोबर मोजली तर शुद्ध एका क्षणात जाते, माणसाला काही कळतसुद्धा नाही. म्हणाली, सूड घेणारा दुखवतो, न्याय करणारा दुखवत नाही, म्हणून फाशी माणुसकीची असू शकते, आणि आहे! हॉल दणाणला. माझ्या शेजारी सुधाताईने श्वास सोडला. इतके दिवस तिच्या छातीत अडकलेला श्वास असावा तो. मनगट सोडलं माझं. डोळे भरून आले होते तिचे आणि चेहरा असा सैल पडला होता की मला वाटलं, चला, देवा, कुणीतरी दिलं एकदाचं हिला उत्तर.

पहिलं बक्षीस हर्षिताला. फोटो झाले. लोक उठायला लागले, तशी ही बाई मोदकांचं ताट घेऊन सरळ स्टेजपाशी. मी मागे मागे.

"बाळ, छान बोललीस," सुधाताई म्हणाली. "एक विचारू? तू म्हणालीस, काही कळत नाही, ते नक्की ना? मला एकाला सांगायचंय."

हर्षिता हसली. "थँक्यू, काकू!"

"नाही, नक्की ना? त्याला मी तसंच सांगू?"

"किसको, काकू?"

"माझ्या भावाला. त्याला फाशी होणार आहे."

हर्षिताच्या मागे तरुण उभा होता, त्याच्या हातातला मोबाईल खाली आला. "जबलपूरवाले काका?" एवढंच तो बोलला.

"सांग ना, बाळ," सुधाताई म्हणाली. भाजीवालीपुढे उभी राहते तशीच उभी.

"काकू, मुझे... मला नाही माहीत," हर्षिता म्हणाली. "मला चिठ्ठीत पक्ष आला होता. मतलब, विपक्ष आला असता तर मी उलटं बोलले असते. मैंने तो बस तैयारी की थी. सॉरी काकू, मला खरंच नाही माहीत." आणि ती रडायला लागली.

सुधाताईने ताट तिच्या बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि डॉक्टरांकडे वळली. "माधवराव, तुम्ही हिला पहिलं बक्षीस दिलंत. तुम्ही तरी सांगा."

आणि कुणीतरी बाई मागून म्हणाली, "चला चला, मोदक गार होतायत, सगळ्यांनी घ्या बरं."

तिथे माझं डोकं फिरलं. "बास!" मी ओरडले. "गिळा मोदक! हिच्या भावाला फासावर चढवणार आहेत, जबलपूरला हवा खायला गेलेला नाही तो! महिनोन्‌महिने ही बाई एक प्रश्न घेऊन दारोदार फिरतेय आणि तुम्ही तिचं ब्लडप्रेशर मोजता, तिला आत्मा शिकवता, आणि टाळ्या? टाळ्या कशाला वाजवल्यात? त्याच्या मानेला?" आणखी बरंच बोलले असेन. घसा बसला माझा.

माधवराव खुर्चीतून उठले. "सुधाताई," ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांना झोपवलं, पण उठवण्यासाठी. न उठवण्याचं मला काही माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नसावं. हे मी तुम्हाला उन्हाळ्यातच सांगायला हवं होतं."

"हो," सुधाताई म्हणाली, "सांगायला हवं होतं." आणि आत जाऊन भांडी आवरायला लागली.

पुढच्या भेटीला मी तिच्याबरोबर गेले. एकटीने जाऊ देण्याची माझी हिंमत झाली नाही. गाडीत मी तिला पढवत होते. "सरळ सांग, होत नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले म्हण. तेवढंच त्याला बरं वाटेल, कोण येतंय खरंखोटं करायला?" ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्या हर्षिताने सांगितलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, मंदाताई."

विक्रमला मी इतक्या वर्षांनी पाहिलं. केस पांढरे, अंग सुटलेलं. जाळीच्या पलीकडून मला वाकून नमस्कार केला त्याने. संस्कार, बघा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच वेळी माझे डोळेही भरले, दोन्ही.

"विचारलंस, ताई?" त्याने पहिलं हेच म्हटलं.

"विचारलं. सगळ्यांना विचारलं. डॉक्टरांना, वकिलांना, गुरुजींना. भरल्या हॉलमध्ये विचारलं. कुणालाच माहीत नाही रे."

"कुणालाच?" तो जरा हसला. "इतका मोठा देश, अन् कुणालाच नाही?"

मला वाटलं, आता सुधाताई रडेल. पण ती जाळीच्या आणखी जवळ गेली.

"तुला माहीत असेल, विक्रम," ती म्हणाली. "सोनिकाला त्रास झाला का?"

माझा हात तिच्या खांद्यावर होता, तो मी काढून घेतला. विक्रमचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला. सुधाताई हलेना. बाजूच्या जाळीवर कुणी मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनचं मोठ्याने बोलत होतं. मला वाटत होतं, नको बोलूस मेल्या, नको बोलूस, आणि वाटत होतं, बोल, बोल एकदाचं.

"हो," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "खूप झाला, ताई. ती बुआला बोलवा म्हणत होती."

सुधाताईने जाळी धरली. तिच्या घशातून आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही मला. पण ती पडली नाही, तिथून हललीही नाही. पदराने तोंड पुसलं आणि लहानपणी त्याला दुधावरची साय भरवताना बोलायची असेल तशा आवाजात म्हणाली, "मग तुलाही होईल, बाळा. होत नाही म्हणून खोटं सांगणार नाही मी तुला."

तिने जाळीतून बोट आत घातलं. वेळ संपल्याची हाक येईपर्यंत तो ते धरून उभा होता.